जुन्या ट्रॅक्टरच्या पितळी रेडिएटरला रंग देताना

खंडेनवमी जवळ आली की औजारांची साफसफाई सुरू होते. शेडच्या कोपऱ्यात उभा असलेला आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टरही त्या निमित्ताने बाहेर काढला जातो. कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला करडा फर्ग्युसन, १९६० साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन किंवा इंटरनॅशनल बी-२७५ अशांपैकी एखादा ज्यांच्या घरी आहे, त्यांना तो पुन्हा मूळ रूपात आणावा असे अलीकडे वाटू लागले आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र बॉनेट आणि मडगार्ड रंगवून झाल्यावर उरलेला रंग त्याच ब्रशने रेडिएटरवर फासला जातो आणि पुढे नांगरटीत पाणी उकळू लागले की दोष इंजिनाला दिला जातो. (जुन्या आयशरवाल्यांना ही काळजी नाही. त्याचे इंजिन हवेने थंड होणारे असल्याने त्याला रेडिएटरच नसतो.)

जुन्या रेडिएटरच्या वरच्या व खालच्या टाक्या आणि मधल्या नळ्या पितळेच्या, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पाकळ्या तांब्याच्या आणि सांधे कथील-शिशाच्या डागाचे असतात. काळा रंग उष्णता जास्त बाहेर टाकतो, म्हणून रेडिएटर काळा असतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात येथील जवळजवळ सर्व उष्णता पंख्याने ओढलेली हवा घेऊन जाते. त्यामुळे रंग कोणता यापेक्षा थर किती हे महत्त्वाचे. रंग पितळेच्या मानाने शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. तरीही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पातळ थर असेल तर फरक नगण्य पडतो. खरे नुकसान ब्रशने होते. पाकळ्यांमधील फटी रंगाने बुजतात, हवा जाण्याची वाट बंद होते आणि त्यावर उसाच्या पाचटाचा भुसा व धूळ चिकटून बसते. पाणी उकळत असतानाही काम रेटले तर हेड गॅस्केट जाते, प्रसंगी हेडला तडा जातो.

मग रंग द्यायचाच कशाला? त्याचे कारण शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातील फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जात आणि काही दिवसांनी त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतापासून सुटणारा अमोनिया वायू, हवेतील ओल आणि पितळ ठोकून घडवताना त्यात राहिलेला ताण या तिन्हींमुळे असे होते, हे १९२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे काढलेला रेडिएटर सर्रास गोठ्याच्या भिंतीला किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी टेकवून ठेवतात. ओल्या युरियापासूनही अमोनिया सुटतो. टाक्यांच्या दुमडींवर व सांध्यांजवळ केसासारखे तडे दिसतात, त्याचे हे एक कारण असते. टाकीवरील रंगाचा थर खत-मुतापासून थोडे संरक्षण देतो, पण रेडिएटर गोठ्याबाहेर कोरड्या जागी ठेवणे हाच खरा उपाय होय.

रंगापूर्वी गळती तपासावी. तोंडे बंद करून रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवावा व हवेचा हलका दाब द्यावा. बुडबुडे येतील तेथे खूण करावी. टोपणावर छापलेल्या दाबाहून जास्त दाब देऊ नये. डाग जाणत्या कारागिराकडूनच द्यावा. कथील-शिशाचा डाग सुमारे १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो, त्यामुळे एका सांध्यावर मोठी ज्योत धरली की शेजारचे तीन सांधे सुटतात. कल्हईप्रमाणे येथेही नवसागर वापरला असेल तर काम होताच गरम पाण्याने भरपूर धुवावे. नवसागर हा अमोनियाचाच क्षार आहे. तो सांध्यात राहिला तर वरचा रंग फुगतो आणि पितळही खराब होते.

धुताना पाण्याची धार मंद ठेवून पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूस सोडावी, कारण कचरा पुढून आत आलेला असतो. तेलकटपणासाठी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा पुरेसा आहे. कॉस्टिक सोडा वापरू नये, तो डागातील कथील व शिसे खातो. हिरवट गंज काढण्यास घरात तांब्या-पितळेला लावतात ती चिंच चालते. नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. वाळूचा मारा किंवा तारेचा ग्राइंडर मात्र कटाक्षाने टाळावा. नळ्यांचा पत्रा फार पातळ असतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने घासावा व खरवड गोळा करून जनावरांपासून दूर टाकावी. असा रंग चाटून जनावरे दगावतात.

पितळेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर नेहमीचा रेड ऑक्साइड नीट धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. टाक्या ३२० नंबरच्या पेपरने निस्तेज करून थिनरने पुसाव्यात. नंतर हात न लावता एच प्रायमरचा एकच पातळ हात द्यावा. हा प्रायमर धातूला किंचित खाऊन पकड घेतो. बाजूच्या लोखंडी पट्ट्यांना रेड ऑक्साइड चालतो. त्यावर टाक्यांना काळ्या मॅट रंगाचे दोन पातळ हात पुरेत. सायलेन्सरसाठी मिळणारा उष्णतारोधक रंग येथे लागत नाही. येथील पाणी साधारण उकळण्याच्या बिंदूपर्यंतच तापते. टोपणाची बैठक, वाहून जाण्याची नळी व निचऱ्याची तोटी कागदाने झाकून घ्यावी.

जाळीला शक्यतो रंग देऊ नये, हे आमचे मत. द्यायचाच असेल तर पातळ केलेला काळा रंग सुमारे एक हात अंतरावरून, गन सरळ समोर धरून दोन्ही बाजूंनी एकदाच धुक्यासारखा मारावा. नंतर जाळी उजेडासमोर धरून पाहावी. आधीइतकाच उजेड पलीकडून दिसला पाहिजे.

पाटण, जावळीकडील आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत हे काम करू नये. रंगावर पांढुरकी छटा येते व पकड सुटते. खंडेनवमीसाठी घाई करण्यापेक्षा दिवाळीनंतरची कोरडी सकाळ बरी. पूजेला ट्रॅक्टर रंगाविना उभा राहिला तरी बिघडत नाही.

काही जण वरची टाकी चकचकीत पितळी ठेवतात. प्रदर्शनात ती उठून दिसते, पण वापरातील ट्रॅक्टरवर चार पावसांत हिरवी पडते. टाकीवरील बनावटीची पट्टी मात्र रंगाखाली दडवू नये.

मोडीवाला पितळेचे वजन करून भाव सांगतो आणि नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्या म्हणतो. पितळी रेडिएटर डाग देऊन पुन्हा पुन्हा दुरुस्त होतो, हे त्या वेळी लक्षात असावे. बसवल्यानंतर त्यात विहिरीचे पाणी भरू नये. कृष्णाकाठच्या क्षारपड भागातील पाण्याने नळ्यांत आतून खवले धरतात. शुद्ध केलेले पाणी व गंजरोधक कूलंट प्रमाणात घालून इंजिन वीस मिनिटे चालवावे. थंड झाल्यावरच टोपण उघडून पातळी पाहावी आणि सांध्यांवरून कोरडी फडकी फिरवून ओल लागते का ते तपासावे.