आहेराची सामाईक टोपली

भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालून आहेर करण्याची पद्धत आपल्याकडे होती. भांड्यांच्या दुकानातच नाव घालणारा बसलेला असे आणि तांब्यावर नाव व तारीख कोरून देई. पुढे चाळीस वर्षे तो तांब्या घासताना घरची बाई देणाऱ्याची आठवण काढी. कधी कौतुकाने, तर कधी ‘एवढासाच दिला’ म्हणून. पाकिटातल्या आहेराची वहीत नोंद होई. कोणाचे ५१, कोणाचे १०१. समोरच्या घरी कार्य निघाले, की तीच वही उघडून परतफेडीचा आकडा ठरे. बँकेत लागण्याच्या कितीतरी आधी जमाखर्चाचे पहिले धडे मी त्या वहीवरच गिरवले.

आता चार घरे मिळून एकच मोठी वस्तू देतात, हे चांगलेच आहे. एका घरात सात घड्याळे आणि पाच लेमन सेट जमण्याचे दिवस त्यामुळे सरले. पूर्वी यासाठी कोणाच्या तरी घरी बैठक भरे, चहा होई, रुसवेफुगवे होत. आता ऑनलाइन दुकानात एक यादी तयार होते, तिची लिंक घरच्या ग्रुपवर येते आणि जो तो आपापल्या गावाहून तीत डोकावतो. काही दुकानांत यादी नुसती बघायला देता येते, काहींत इतरांना भर घालण्याचीही मुभा देता येते. सगळ्यांना मुभा दिली, की रात्रीतून यादीत काय काय उगवते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आमच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन आले तेव्हाची गोष्ट. हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षे आणि साधारण १० महिने लागतात. आत्याला मूलबाळ नाही. सांगलीत माझ्या धाकट्या चुलतभावाकडे ती असते. आम्हा भाचवंडांची अकरा घरे. कोणी पुण्यात, कोणी नाशकात, एक न्यूजर्सीत. पुतणीने हौसेने यादी केली. दोन दिवसांत तीत मोठा टीव्ही, पाय दाबायचे यंत्र, चांदीचे ताट आणि मागे रेलणारी गुबगुबीत खुर्ची अशी भर पडली. खुर्ची सर्वांना पसंत पडली. किंमत ३८,५०० रुपये. भागाकार सोपा होता : ‘प्रत्येकी ३,५००, रविवारपर्यंत पाठवा.’ लगेच अंगठे उमटू लागले. सांगलीहून मात्र काहीच आले नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या.

अकराने भागणे हे गणित म्हणून बिनचूक आहे. पण अकरा घरांची मिळकत सारखी नसते, आणि आत्याची सेवाही अकरांनी सारखी वाटून घेतलेली नसते. पूर्वी बैठकीत एखादी वडीलधारी बाई हे ओळखून असे. ‘तुझे मी घातलेत, बोलू नकोस’ असे ती स्वयंपाकघरात हळूच सांगे. मोबाइलच्या पडद्यावर असे स्वयंपाकघर नसते.

मी बँकेतला म्हणून खजिनदारी माझ्याकडे आली. मी एवढेच ठरवले, की ज्याने त्याने हवी ती रक्कम माझ्याकडे पाठवावी. ग्रुपवर फक्त एकूण बेरीज सांगितली जाईल. (कोणी किती दिले, हे अर्थात येथेही सांगणार नाही.) दुसऱ्याच दिवशी सांगलीहून फोन आला.

‘‘दादा, आपला जिना २७ इंचांचा आहे. ती खुर्ची वर जायची नाही. आणि गेली तरी आत्याला तीतून उठता येणार नाही. तिला बैठक उंच लागते आणि टेकून उठायला दोन भक्कम हात.’’

‘‘अरे, मग ग्रुपवर का नाही लिहिलेस?’’

तो हसला. पैशांचे तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही. शेवटी उंच बैठकीची साधी खुर्ची, रात्री चाहूल लागताच आपोआप लागणारे दोन दिवे आणि टीव्हीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून हेडफोन, एवढे गेले. तिची गरज ज्याला सर्वांत जास्त ठाऊक होती, तोच त्या भागाकारामुळे गप्प बसला होता.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी सांगतो. बँकेत संयुक्त खाते उघडताना ‘दोघांपैकी कोणीही’ की ‘दोघांनी मिळून’, हे आधी लिहून घेतात. सामाईक यादीला असा करार नसतो. भर सगळे घालतात, पण पैसे एकाच्या खात्यातून जातात, पावती एकाच्या नावावर निघते आणि वस्तू परत केली तर परतावाही सहसा त्याच खात्यात येतो. तेव्हा ऑर्डर कोण देणार, बिल कोण जपणार आणि परताव्याचे काय करायचे, हे आधीच ठरवावे. कार्टमध्ये वस्तू टाकली म्हणजे ती राखून ठेवली असे नव्हे. तिची किंमत बदलते, ती संपतेही.

दुसरे असे, की लिंक द्यावी, पण पासवर्ड वा ओटीपी घरच्यांनाही देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते, की ग्राहकाने अशी गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचाच असेल. यूपीआयवर व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी धाडण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोयही फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. नात्यांच्या दृष्टीनेही ते बरेच झाले. नातेवाइकाच्या फोनवर मागणीची घंटा वाजवण्यापेक्षा त्याला फोन करावा. त्या निमित्ताने दोन शब्द बोलणे होते.

यादी सर्वांसमोर उघडी असावी, पण रकमेचा आकडा एकाच्याच पोटात राहावा. आहेराच्या वहीचे तसे नव्हते. पै-पैची नोंद करूनही, ज्याने वऱ्हाडाला वाढले त्याचा हिशेब तीत कधीच नसे. आत्याच्या खुर्चीसोबतच्या चिठ्ठीवर आम्ही अकरा नावे घातली नाहीत. ‘तुझी भाचवंडे’ एवढेच लिहिले. तिला तेवढे पुरले.