टोकियोत मुलांकडे जाताय? तिथली रेल्वे-बस आधी समजून घ्या

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुले-मुली आता पुणे-बेंगळुरूच्या पलीकडे गेली आहेत. काहींनी जपानमध्ये नोकरी धरली आहे. टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई ही तर भारतीय कुटुंबांची ओळखीची वस्ती झाली आहे. मुलांपाठोपाठ आई-वडीलही महिना-दोन महिन्यांसाठी तिथे जातात. अल्प मुदतीच्या व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते.

या मुक्कामाचे चित्र बहुतेक घरांत सारखेच असते. मुलगा-सून सकाळी कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात आणि आजी-आजोबा खिडकीत बसून शनिवारची वाट पाहतात. दारापासून दहा मिनिटांवर जगातील उत्तम रेल्वेंपैकी एक धावत असते, पण तिच्यात एकट्याने बसण्याचे धैर्य होत नाही. भाषा येत नाही, तिकीट चुकेल, कोणी दंड करील, मुलांना कामावरून उठून यावे लागेल, अशी भीती असते. पाय अजून चालतात तोवर ही भीती गेलेली बरी, म्हणून हा लेख. मी बँकेतला माणूस, प्रवासी कंपनीतला नव्हे. पण तिकीट हाही शेवटी पैशाचा व्यवहारच आहे आणि व्यवहार समजला की भीती निम्मी होते.

एक रेल्वे नाही, अनेक कंपन्या

आपल्याकडे रेल्वे म्हटले की भारतीय रेल्वे. जपानमध्ये तसे नाही. तिथली सरकारी रेल्वे १ एप्रिल १९८७ रोजी विभागली गेली आणि तिच्या सहा प्रवासी व एक मालवाहतूक कंपनी झाली. या सर्व मिळून जेआर. त्याशिवाय अनेक खासगी रेल्वे कंपन्या आधीपासूनच होत्या. टोकियोतील भुयारी रेल्वेचेही दोन मालक आहेत. टोकियो मेट्रोकडे नऊ मार्ग आहेत आणि तोएई या महानगर सरकारच्या सेवेकडे चार.

नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. भाडे अंतरावर ठरते, पण प्रत्येक कंपनीचे अंतर वेगळे मोजले जाते. एकाच कंपनीच्या दोन मार्गांवर गाडी बदलली तर भाडे सलग लागते. मेट्रोतून उतरून जेआरमध्ये बसलो की नव्या कंपनीचे मीटर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू होते. मेट्रो आणि तोएई यांच्यात बदल केला तर थोडी सूट मिळते, एवढाच अपवाद लक्षात ठेवावा. म्हणून फोनवरच्या नकाशात दोन रस्ते दिसले आणि वेळ जवळजवळ सारखाच असला, तर एकाच कंपनीचा रस्ता बहुधा स्वस्त पडतो. आपल्याला उलगडा न होणारे पन्नास-शंभर येन बहुतेक वेळा या कंपनीबदलातच गेलेले असतात.

कार्ड : सगळ्या कंपन्यांचा एकच हिशेब

इतक्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढत बसावे लागत नाही. त्यासाठी प्रीपेड कार्डे आहेत. जेआर पूर्व कंपनीचे सुइका २००१ मध्ये आले, तर मेट्रो आणि खासगी कंपन्यांचे पास्मो २००७ मध्ये. २३ मार्च २०१३ पासून देशातील अशी दहा प्रमुख कार्डे एकमेकांच्या क्षेत्रात चालू लागली. आपण एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये घालतो आणि दोन बँका आपसांत हिशेब मिटवतात, तसेच हे आहे. आत जाताना गेटवर कार्ड टेकवायचे, बाहेर येताना पुन्हा टेकवायचे. कोणाचे किती पैसे हे यंत्रणा ठरवते. हेच कार्ड बसमध्ये आणि बऱ्याच दुकानांतही चालते.

कार्ड घेताना तीन गोष्टी पाहाव्या.

साध्या सुइकासाठी ५०० येन अनामत लागते. कार्ड परत केल्यावर ती मिळते, मात्र शिल्लक रकमेतून २२० येन शुल्क कापतात. म्हणून शिल्लक शून्यावर आणून कार्ड परत करणे शहाणपणाचे. पर्यटकांसाठीच्या वेलकम सुइका कार्डाला अनामत नाही, पण त्याची मुदत २८ दिवसांची असते आणि उरलेली रक्कम परत मिळत नाही. दोन-तीन महिने राहणाऱ्या आई-वडिलांना साधे कार्डच बरे.

एका कार्डावर एकच माणूस प्रवास करू शकतो. नवरा-बायकोला दोन कार्डे लागतात.

स्टेशनवरच्या मशीनवर रिचार्ज बहुधा रोखीनेच होतो. मशीनवर इंग्रजीचे बटण असते. खिशात हजार-हजार येनच्या दोन-चार नोटा असाव्यात.

स्टेशनचे नाव नको, नंबर लक्षात ठेवा

जपानी नावे कानाला सारखीच वाटतात. त्यावर तिथे चांगला उपाय आहे. प्रत्येक मार्गाला एक रंग आणि एक रोमन अक्षर दिलेले असते, आणि प्रत्येक स्टेशनला क्रमांक. निशी-कासाई हे टोझाई मार्गावर आहे, त्याचा क्रमांक टी-१६.

समजा, आसाकुसाचे प्रसिद्ध बौद्ध मंदिर पाहायला जायचे आहे. टी-१६ वर बसायचे. पुढची स्टेशने टी-१५, टी-१४ अशी येऊ लागली म्हणजे दिशा बरोबर आहे. टी-१० म्हणजे निहोनबाशी. तिथे नारिंगी रंगाचा गिन्झा मार्ग धरायचा. त्या मार्गावर निहोनबाशीचा क्रमांक जी-११ आहे आणि आसाकुसाचा जी-१९. आकडे वाढत गेले की आपण योग्य गाडीत आहोत. दोन्ही मार्ग टोकियो मेट्रोचेच, म्हणजे भाडेही सलग. जपानी अक्षर एकही न वाचता हा प्रवास पूर्ण होतो. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, उएनो ते आसाकुसा हा तुकडा ३० डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाला आणि ती आशियातील पहिली भुयारी रेल्वे होती.

परत येताना मात्र सावध राहावे. टोझाई मार्गावर साध्या गाड्यांबरोबर रॅपिड गाड्याही धावतात. रॅपिड गाडी टोयोचोनंतर थेट उरायासूला थांबते, मधले निशी-कासाई सोडून देते. फलाटावरच्या फलकात गाडीचा प्रकार इंग्रजीतही येतो. ‘लोकल’ दिसली तरच चढावे. मुलांचे घर ज्या स्टेशनवर आहे तिथे कोणकोणत्या गाड्या थांबतात, हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहून ठेवावे.

स्टेशनला बाहेर पडण्याचे मार्गही अनेक असतात आणि त्यांनाही क्रमांक असतात. चुकीच्या मार्गाने वर आलो तर रस्ता ओळखीचा वाटत नाही. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कोणत्या मार्गावर आहे ते आधी पाहून ठेवावे. भुयारी स्टेशनांत प्रत्येक मार्गावर लिफ्ट असेलच असे नाही.

चुकलो तर काय?

ज्येष्ठ मंडळींना खरी धास्ती याचीच असते. आपल्याकडे तिकिटापेक्षा पुढे गेलो की दंडाची पावती आठवते. जपानमध्ये भाड्यातला फरक भरणे हा रोजचा व्यवहार आहे. बाहेर पडण्याच्या गेटअलीकडे भाडेफरकाचे मशीन असते. तिकीट घातले की किती येन कमी पडतात ते दिसते, तेवढे भरायचे आणि बाहेर पडायचे. कार्डात पैसे कमी असतील तर गेटचे दोन पाट आडवे येतात. इतकेच होते. त्याच मशीनवर रिचार्ज करून पुन्हा यायचे. भाडे किती हे समजलेच नाही तर सर्वांत कमी दराचे तिकीट काढून बसणे आणि उरलेले उतरताना भरणे, हेही चालते.

मशीनही जमले नाही तर गेटजवळच्या खिडकीत कर्मचारी असतो. त्याला कार्ड दाखवावे आणि जायच्या ठिकाणचे नाव किंवा नंबर दाखवावा. भाषेची फारशी गरज पडत नाही. पुढच्या स्टेशनला गेलो तर समोरच्या फलाटावरून परत यावे. टोकियोत पुढची गाडी काही मिनिटांत येते.

बस

टोकियोच्या २३ विभागांतील तोएई बसमध्ये पुढच्या दाराने चढतात, चढतानाच २१० येनचे एकसारखे भाडे देतात आणि मधल्या दाराने उतरतात. क्योतोच्या शहर बसमध्ये नेमके उलट आहे. तिथे मागून चढायचे आणि पुढून उतरताना पैसे द्यायचे. गावाकडच्या बसमध्ये अंतराप्रमाणे भाडे असते. चढताना दारातल्या यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली जी रक्कम दिसेल ती उतरताना द्यायची. कार्ड चालत असेल तर चिठ्ठीची गरज नाही, पण चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवावे.

लांबचा प्रवास आणि पासचा हिशेब

टोकियो-ओसाका शिंकानसेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. आज सर्वांत वेगवान नोझोमी गाडी हे ५१५ किलोमीटर अंतर अडीच तासांच्या आत कापते. शिंकानसेनच्या भाड्याचे दोन भाग असतात. एक अंतराचे मूळ भाडे आणि दुसरा वेगवान गाडीचा आकार. म्हणून हातात कधी एक तर कधी दोन तिकिटे येतात. दोन आली तर दोन्ही एकदमच गेटमध्ये घालावी. सुइकातली साधी शिल्लक वापरून शिंकानसेनमध्ये बसता येत नाही, तिचे तिकीट वेगळे काढावे लागते.

आता जपान रेल पासविषयी. हा पास परदेशी पर्यटकांसाठी आहे आणि जुन्या प्रवासवर्णनांत तो डोळे मिटून घ्यावा असा सल्ला असतो. तेव्हा तो बरोबर होता. ऑक्टोबर २०२३ पूर्वी सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळत असे. त्या महिन्यापासून तो ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतोचे जाण्या-येण्याचे भाडे अंदाजे २८,००० येन आहे. हिरोशिमापर्यंत जाऊन आलो तरी ते ४०,००० येनच्या आसपास राहते. म्हणजे फक्त क्योतो करणाऱ्याने पास घेतला तर माणशी वीस हजारांहून जास्त येन वाया. शिवाय या पासवर नोझोमीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात. सात दिवसांत दोन-तीन मोठे टप्पे असतील तरच पास परवडतो. निघण्यापूर्वी ठिकाणे कागदावर मांडावीत, प्रत्येक टप्प्याचे चालू भाडे लिहावे, बेरीज करावी आणि मगच पासच्या दराशी ताडून पाहावे.

शिंकानसेनमध्ये मोठी बॅग नेताना आणखी एक नियम आहे. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर टोकियो-ओसाका आणि त्यापुढच्या मार्गावर सामानाची जागा असलेले आसन आधी आरक्षित करावे लागते. त्यापेक्षा सोपे म्हणजे बॅग कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवणे. या सेवेला तिथे ताक्क्युबिन म्हणतात. सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते.

पैशांची तयारी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू करून दिली जातात. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. ते काम इंदूरमध्येच उरकावे आणि मर्यादाही ठरवून घ्यावी. परदेशी व्यवहारावर बँक विनिमय आकार लावते, त्यावर जीएसटीही लागतो. तो किती हे शाखेत विचारावे. दुकानातील मशीनने ‘रुपये की येन’ असे विचारले तर येनच निवडावे. रुपये निवडले की विनिमयाचा दर समोरचा ठरवतो आणि तो बहुधा महाग असतो. रोख हवी असल्यास सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएमवर परदेशी कार्डे चालतात.

थोडे रीतीरिवाजाचे

गाडीत फोनवर बोलू नये. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. सकाळी साडेसात ते नऊ गर्दी असते, आपण दहानंतर निघावे. शहरातल्या गाड्यांत खात नाहीत. शिंकानसेनमध्ये मात्र खुशाल दशम्या-चटणीचा डबा उघडावा. प्राथमिक शाळेतल्या नातवंडांना अर्धे भाडे पडते. सहा वर्षांखालील दोन मुले एका मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात. ज्येष्ठांचा टोकियोतला सवलतीचा पास मात्र तिथल्या ७० वर्षांवरील रहिवाशांसाठीच आहे, आपल्याला तो मिळत नाही.

एक सुचवतो. पहिल्या आठवड्यात कुठेही लांब जाऊ नका. मुलांबरोबर एकदा तीन स्टेशने जाऊन या. दुसऱ्या दिवशी दोघांनीच तेवढाच प्रवास करा, एखाद्या बागेत बसा, परत या. खिशात घरचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक त्याच चिठ्ठीवर असू द्या. तिसऱ्या दिवशी अंतर वाढवा. संध्याकाळी मुले घरी आल्यावर, आज कुठे जाऊन आलो हे आपण त्यांना सांगाल. मुलांनाही त्याचा आनंदच होईल.

तिकडची भाडी अधूनमधून बदलतात. निघण्यापूर्वी चालू दर मुलांकडून पाहून घ्यावेत. मंडळाच्या सभासदांपैकी कोणी नुकतेच जाऊन आले असतील तर त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा, पुढच्या जाणाऱ्याला उपयोग होईल.