दिवाळीचा उजेड आणि विजेचे वेळापत्रक

कोजागरी सरली की वाईच्या घाटावर पहाटेच्या अंधारात काकड आरतीची घंटा वाजू लागते. आमची मावशी त्या घाटापासून चार पावलांवर एका जुन्या वाड्यात एकटी राहते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, निवृत्तिवेतन बेताचे, परंतु कार्तिकस्नानाचा नेम चाळीस वर्षे चुकलेला नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही तिच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे पाचच्या सुमारास न्हाणीघरातून तांब्याचा आवाज आला. पाहतो तो मावशी गार पाण्याने स्नान उरकून थरथरत बाहेर येत होती. न्हाणीघराच्या भिंतीवर गिझर होता, पण त्याच्या बटणावर धूळ साचली होती.

"अरे, बिल किती येते ठाऊक आहे का? आणि आता म्हणे दिवसाचीच वीज स्वस्त. पहाटे गिझर लावायचा म्हणजे पैसे जाळायचे." मावशीने आम्हांला सुनावले. शेजारच्या काकूंचे मत नेमके उलट होते. वीज रात्री स्वस्त असते, असे त्यांनी कारखान्यात नोकरीस असलेल्या आपल्या दिरांकडून ऐकले होते. म्हणून त्या धुण्याचे यंत्र रात्री अकरानंतर लावीत आणि अर्ध्या वाड्याची झोपमोड करीत. दोघींचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. मात्र त्यापायी एकीच्या अंगात कणकण भरत होती, तर दुसरीशी शेजारी बोलेनासे झाले होते. दिवाळी हा उजेडाचा सण. त्याच सणात घराघरांतून उजेडाचा धाक वाटू लागावा, हे काही आम्हांला बरे वाटले नाही. म्हणून आम्ही मावशीचे बिल मागवून घेतले आणि चष्मा लावून बसलो.

बिलावरील ओळी

विजेचे बिल हे पंचांगासारखे असते. सर्वांच्या घरी येते, परंतु वाचणारे थोडे. त्यात स्थिर आकार असतो. तो दिवा लावा अथवा न लावा, द्यावाच लागतो. त्याखाली वीज आकार, तारांवरून वीज वाहून आणण्याचा वहन आकार, कोळशाच्या किमतीप्रमाणे खालीवर होणारा इंधन समायोजन आकार आणि या बेरजेवर राज्य शासनाचे १६ टक्के वीज शुल्क. बहुतेक गृहस्थ शेवटचा आकडा पाहून सुस्कारा सोडतात आणि कागद घडी करून ठेवतात. पण खरी मेख वीज आकाराच्या पायऱ्यांत आहे.

महावितरणच्या दरपत्रकाप्रमाणे २०२३-२४ मध्ये घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांस वहन आकार धरून युनिटमागे ५ रुपये ५८ पैसे पडत होते. २०२४-२५ मध्ये ते ५ रुपये ८८ पैसे झाले. १०१ ते ३०० युनिटांच्या पायरीवर १० रुपये ८१ पैशांचे ११ रुपये ४६ पैसे झाले. वाढ तर खरीच. परंतु त्याहून मोठी उडी दोन पायऱ्यांमधील आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. शंभरावे युनिट सहा रुपयांच्या आत मिळते, एकशे एकावे जवळजवळ दुप्पट भावाने. (मुंबईत वीज पुरविणाऱ्या संस्था निराळ्या, म्हणून दरही निराळे, तेथील वाचकांनी आपापले बिल पाहावे.)

येथे एक गैरसमज आम्हांला ठिकठिकाणी आढळला. शंभराचा आकडा ओलांडला की सारेच बिल वरच्या दराने लागते, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. १०५ युनिटे जळाली, तर पहिल्या शंभरांस खालचाच दर लागतो आणि वरच्या पाचांपुरता वरचा. मावशीचा वापर महिन्याला जेमतेम चाळीस युनिटांचा होता. म्हणजे तिने गिझर लावला तरी ती पहिल्या पायरीवरच राहणार होती. पण हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

रात्र स्वस्त का होती?

आता वेळेचा प्रश्न. वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी मागणी, त्या क्षणीच ती निर्माण व्हावी लागते. औष्णिक केंद्रातील बाष्पक काही चुलीसारखा घटकेत विझविता आणि घटकेत पेटविता येत नाही. रात्री गाव झोपले, कार्यालये बंद झाली, तरी तो धगधगतच ठेवावा लागतो. मग ती नको असलेली वीज कोणी तरी घ्यावी म्हणून रात्रीचा दर उतरवायचा, ही युक्ती जगभर चालली. आपल्याकडे उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वर्षानुवर्षे सवलत मिळत होती आणि सायंकाळी सहा ते दहा या वेळेत जादा आकार. काकूंच्या दिरांनी ऐकले ते हेच. घरगुती मीटरला मात्र तो नियम लागू नव्हता. तो मीटर नुसती युनिटे मोजी, ती कोणत्या प्रहरी जळाली हे त्याला समजत नसे. म्हणजे काकूंची एवढी जागरणे फुकट गेली.

विलायतेत घरगुती ग्राहकांसाठीही ही सोय १९७८ पासून आहे. ‘इकॉनॉमी सेव्हन’ असे तिचे नाव. रात्रीचे सात तास वीज स्वस्त. त्या सात तासांत विटांनी भरलेल्या शेगड्या तापवून ठेवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब घ्यायची, असा तेथील रिवाज. परंतु या योजनेत दिवसाचे युनिट साध्या दरापेक्षा महाग पडते. त्यामुळे ज्याच्या वापराचा बराचसा भाग रात्री होतो, त्यालाच ती लाभते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबाने चकल्या आणि अनारसे दिवसा विजेच्या शेगडीवर तळले, तर रात्री वाचविलेले पेन्स दुपारी खर्ची पडावयाचे. कोणताही वेळेचा दर तोलून पाहताना स्वस्त घटकेसोबत महाग घटकाही तराजूत घातली पाहिजे, हे त्या देशातील गृहस्थांना पुरते उमगले आहे.

आपल्या सह्याद्रीतही रात्रीची रिकामी वीज साठविण्याची एक देखणी युक्ती आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील घाटघर येथे २५० मेगावॅटचे केंद्र आहे. मागणी कमी असते त्या वेळी ते खालच्या धरणातील पाणी वर चढविते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करते. १,९६० मेगावॅट क्षमतेची कोयनाही सायंकाळच्या गर्दीत अशीच धावून येते. पाण्यावरची वीज झटकन वाढविता येते आणि झटकन आवरता येते, हा तिचा मोठा गुण.

या गुणाची परीक्षा साऱ्या देशाने एकदा पाहिली आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे विजेचे दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन झाले होते. घरोघरी तुळशीपाशी, उंबरठ्यावर, गच्चीवर पणत्या लागल्या. त्या अवधीत देशाची विजेची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि जलविद्युत केंद्रांनी आपले उत्पादन भराभर उतरवून, पुन्हा चढवून तोल राखला. एका घरातला एक दिवा तो काय, असे म्हणणाऱ्यांनी ती रात्र आठवावी.

सूर्याने उलटविलेले गणित

गेल्या काही वर्षांत मात्र हे सारे गणित उलटे झाले. माळरानांवर आणि छपरांवर सौर तावदाने पसरली. आता भर दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळताच ओढ. त्यातही आपला सण येतो तो दिवस लहान होत जाणाऱ्या ऋतूत. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य अस्ताला जातो. सौर वीज संपते त्याच घटकेला घरोघरचे आकाशकंदील, माळा आणि स्वयंपाकघरे एकदम जागी होतात. वीज महाग पडण्याची ती वेळ.

हे ध्यानी घेऊन केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी असावा, शिखर मागणीच्या वेळी जास्त असावा, असे त्यात ठरले. १० किलोवॅटपेक्षा अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेतकरी वगळता इतर ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत घालण्यात आली. अट एकच, प्रहर ओळखणारा स्मार्ट मीटर घरी हवा. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर झाली. मावशीच्या कानी पडले ते हे. दर आणि सवलती आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलत असतात. आपल्या चालू बिलावर काय छापले आहे ते प्रत्येकाने पाहावे हे उत्तम.

ऐंशी पैशांची किंमत किती, तेही पाहू. आमच्या घरी महिन्याला सुमारे १५० युनिटे जळतात. त्यांतील धुणे, इस्त्री, पाणी चढविण्याचा पंप, मिक्सरवरील वाटणघाटण अशी तीस युनिटे दिवसाकडे वळविली, तर चोवीस रुपये वाचतात. वर त्यांवरचे शुल्क. चोवीस रुपये काही टाकून देण्यासारखे नव्हेत. परंतु घरातील दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे होते, त्यांच्या जागी ३० वॅटचे आणले. उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास फिरले, तर दोघांत महिन्याला चाळीस युनिटांची बचत होते, आणि तीही वरच्या पायरीची, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या पुढे. आकाशकंदिलातील ६० वॅटचा जुना दिवा बारा तासांत पाऊण युनिट खातो. ९ वॅटचा नवा दिवा त्याच्या जवळजवळ सातव्या हिश्श्यात भागवितो. आमच्या मते वेळ बदलण्याआधी वस्तू पाहावी. नवे घड्याळ घेऊन रात्रंदिवस बटणांभोवती फिरण्याने घरची गृहिणी तेवढी शिणते.

शिवाय धर्मकृत्यांच्या वेळा काही विजेच्या दरावर ठरावयाच्या नाहीत. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीच, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळीच. हलविता येते ते इतर सर्व. भाजणीचे पीठ घरघंटीवर दळायचे ते दुपारी दळावे. पाहुण्यांच्या चादरी दहा वाजता धुवाव्यात. उन्हात वाळतातही चांगल्या. सायंकाळी सहा ते दहा या वेळेत घरातील इस्त्री, पंप आणि गिझर तेवढे स्वस्थ बसले, तर माळा खुशाल लखलखू द्याव्यात.

राहता राहिले मावशीचे स्नान. आम्ही तिला कागदावर हिशेब मांडून दाखविला. पंधरा लिटरच्या गिझरमधील पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास साधारण ०.७ युनिट लागते. २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटे पुरतात. त्यात गार पाणी मिसळले की ऊन पाण्याच्या दोन बादल्या होतात. मावशीच्या पायरीवर याचे चार रुपये दहा पैसे, शुल्क धरून पाच रुपयांच्या आत. रोज स्नान केले तरी महिन्याची एकवीस युनिटे. चाळीसांत मिळविली तरी शंभर भरत नाहीत. दिवसाच्या सवलतीसाठी हेच पाणी नऊनंतर तापविले असते, तर एका स्नानामागे वाचले असते अवघे छप्पन्न पैसे. आणि गिझर कामापुरता लावून लगेच बंद केला की झाले. तो दिवसभर चालू राहिला तर मात्र टाकीतील ऊब भिंतीला देत बसतो.

"छप्पन्न पैशांसाठी मी गारठत होते की काय?" मावशी म्हणाली. तिने कागद दोनदा वाचला, मग देव्हाऱ्याकडे पाहिले. गणपतीच्या मागे असलेला चिमुकला विजेचा दिवा तिने दोन महिन्यांपासून बंद ठेवला होता.

"आणि त्याचे रे?"

अर्ध्या वॅटचा दिवा. अहोरात्र लावला तरी महिन्याला युनिटाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडे. "दोन रुपये, मावशी." आम्ही म्हटले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्हांला जाग आली ती उटण्याच्या वासाने. न्हाणीघरातून वाफ येत होती, अंगणात कारीट फुटले होते, आणि देव्हाऱ्यात समईच्या शेजारी तो तांबडा ठिपका लागलेला होता. काकूंचे धुण्याचे यंत्र त्या दिवशी सकाळी दहा वाजता सुरू झाले.