कल्पित घराण्यांची घडण

अद्भुतकथेचा लेखक ज्या प्रदेशाची कथा सांगतो, तो प्रदेश कोणत्याही नकाशात नसतो. तेथील नद्या, किल्ले, राजे आणि सरदार ही सारी त्याचीच निर्मिती असते. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात असे लेखन विपुल झाले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) या कादंबऱ्यांनी वाचकांना कल्पित राजकुळांच्या सहवासात नेले. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने तीच आवड जोपासली. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ने (1888) तर वाचकांचा मोठा वर्ग घडवला.

राजघराणे कल्पिताना नवा लेखक बहुधा नावापासून सुरुवात करतो. मग ध्वज ठरतो, त्यावर गरुड किंवा वाघ येतो, एखादे ब्रीद रचले जाते. एवढे झाले की घराणे उभे राहिले असे त्याला वाटते. वाचकाला मात्र ते रंगवलेल्या पडद्यासारखे दिसते, कारण हे घराणे काय खाते, कोणाकडून घेते आणि कोणाला देते, याचा त्याला पत्ता लागत नाही. घराणे ध्वजावर उभे राहत नाही. ते गावांवर उभे राहते. ही गोष्ट समजून घ्यायची, तर रायपूरच्या इतिहासाइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

‘छत्तीसगड’ या नावाचा संबंध परंपरेने छत्तीस गढांशी जोडला जातो. शिवनाथ नदीच्या उत्तरेचे अठरा गढ रतनपूरच्या कलचुरी राजांकडे आणि दक्षिणेचे अठरा रायपूरच्या शाखेकडे, अशी ही विभागणी होती. बारा गावांचा एक ‘बरहों’ आणि असे सात बरहों, म्हणजे चौऱ्याऐंशी गावे, मिळून एक गढ, असा हिशेब सांगितला जातो. गढावर दीवान, बरहोंवर दाऊ आणि गावावर गौंटिया. प्रत्यक्षात गावांची संख्या कमीजास्त असे, पण रचनेचे तत्त्व स्पष्ट आहे. शेतकऱ्याने पिकवलेल्या धान्याचा वाटा गौंटियामार्फत वर चढत जाई आणि प्रत्येक पायरीवर त्यातला काही भाग थांबे. राजाचे सामर्थ्य या पायऱ्यांवरच्या माणसांच्या निष्ठेवर अवलंबून होते. लेखकाने आपल्या कल्पित राज्याची अशी एक उतरंड जरी आखली, तरी कथानकाच्या निम्म्या अडचणी दूर होतात. कोणता दाऊ कोणत्या दीवानावर रुष्ट आहे, दुष्काळात कोणी वाटा माफ केला आणि कोणी केला नाही, एवढ्यातून बंडही उद्भवते आणि स्वामिभक्तीही.

रायपूरची शाखा हीच मुळात एका कुळाच्या विभागणीतून जन्मली. रतनपूरच्या राजवंशातील एक शाखा चौदाव्या शतकात दक्षिणेकडे आली आणि तिने स्वतंत्र राज्य स्थापले. एका घराण्याची दोन घराणी होणे ही कल्पित इतिहासातही सर्वांत विश्वसनीय घटना होय. परका शत्रू कोठून आला, हे लेखकाला समजावून सांगावे लागते. भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही.

याचा आणखी ठळक दाखला नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात मिळतो, आणि त्याचा रायपूरशी थेट संबंध आहे. 1741मध्ये रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरवर स्वारी केली. तेथील वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचलेला होता; त्याच्याकडून फारसा प्रतिकार झाला नाही. भोसल्यांनी पुढे त्याच कुळातील मोहनसिंह याला गादीवर बसवले. जेत्याला जिंकलेल्या घरातलाच एक माणूस हाताशी लागतो, ही बाब लेखकाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

1755मध्ये रघूजी निवर्तले आणि त्यांच्या चार पुत्रांत वाद उभा राहिला. जानोजी वयाने मोठे, पण धाकट्या राणीचे. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे. दोघांचाही हक्क खरा वाटावा असाच पेच होता. अखेर पेशव्यांच्या मध्यस्थीने जानोजींना सेनासाहेबसुभा हे पद आणि मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब व चांद्याचा प्रदेश मिळाला. साबाजींच्या वाट्याला वऱ्हाडातील दारव्हा आले, तर बिंबाजींच्या वाट्याला छत्तीसगड. जानोजींना अपत्य नसल्याने त्यांनी मुधोजींचा मुलगा दत्तक घेण्याचे ठरवले. 1772मध्ये त्यांचा मृत्यू होताच साबाजी आणि मुधोजी एकमेकांवर शस्त्रे घेऊन उठले. 1775च्या पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले.

या प्रकरणात दुष्ट कोण, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. प्रत्येकाजवळ एक समर्थनीय कारण होते. कल्पित गटांची उभारणी करताना हीच कसोटी लावावी लागते. ज्या गटाची बाजू त्या गटातील शहाण्या माणसाला मनापासून मांडता येत नाही, तो गट कथेत फार काळ तग धरत नाही. ‘चंद्रकांता’तील क्रूरसिंह हा विजयगढच्या दिवाणाचा मुलगा; राज्याच्या आतला माणूस बाहेरच्या चुनारगढच्या राजाला जाऊन मिळतो, ही योजना उत्तम आहे. मात्र त्याचे नावच त्याचा निकाल आधी लावून टाकते, हे मान्य करावे लागेल. इंग्रजीत जॉर्ज मार्टिन यांनी 1996पासून लिहिलेल्या कादंबरीमालेतील स्टार्क आणि लॅनिस्टर ही घराणी इंग्लंडच्या यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांच्या पंधराव्या शतकातील संघर्षावरून सुचली. त्यांची पकड वाचकावर बसते, कारण तेथेही दोन्ही बाजूंना काही तरी गमवायचे असते.

गट केवळ राजपुत्रांचे नसतात. साडेतीन शहाण्यांपैकी एक मानले गेलेले देवाजीपंत चोरघडे हे जानोजींचे कारभारी होते. गादीवर कोण बसणार या प्रश्नाइतकाच, दप्तर कोणाच्या हाती राहणार हा प्रश्नही दरबारात महत्त्वाचा असतो. कल्पित राज्यांत सेनापती भरपूर असतात. हिशेब लिहिणारा मात्र बहुधा नसतो.

घराणे उभे करण्याइतकेच ते उतरणीला कसे लागते, हे ठरवणेही आवश्यक असते. पराभूत राजकुळ एका लढाईत नाहीसे होत नाही. रायपूरचा राजा अमरसिंह याच्याकडे भोसल्यांनी प्रथम रायपूर, राजिम आणि पाटण हे भाग खंडणीच्या अटीवर राहू दिले. त्याचा मुलगा शिवराजसिंह याच्याकडून बिंबाजींच्या काळात तेही गेले. निर्वाहासाठी त्याला त्या मुलखातील प्रत्येक गावामागे एक रुपया ठरवून देण्यात आला. पुढे त्याऐवजी या कुळाला महासमुंदकडील काही गावे करमुक्त मिळाली. काल ज्या गावांवर सत्ता होती, त्याच गावांतून आज एकेक रुपया येतो आहे, आणि तो देणारा गौंटिया मात्र आपल्या जागी कायम आहे. भोसल्यांनी गढांची रचना मोडून परगणे केले, तरी गौंटिया राहिला.

अशा घराण्याची कीर्ती शेवटी कोण जपतो? रायपूरच्या शाखेचा राजा ब्रह्मदेव याच्या काळातील दोन शिलालेख प्रसिद्ध आहेत. 1402च्या लेखात हाजिराज नावाच्या नायकाने हाटकेश्वराचे मंदिर बांधल्याची नोंद आहे. सुमारे 1415चा दुसरा लेख खल्लारीचा. ब्रह्मदेवाचा आजा सिंहण याने शत्रूंचे अठरा गढ जिंकले, ही वार्ता या लेखातून कळते. तो लेख ज्या नारायणाच्या मंदिरासाठी कोरला गेला, ते मंदिर राजाने बांधलेले नव्हते. ते बांधले देवपाल नावाच्या एका मोच्याने. त्याचे आणि त्याच्या पूर्वजांचे नाव राजवंशावळीच्या सोबतीने त्याच दगडावर आहे.