बोटीवरच्या जेवणाचा पोशाख : सोवळ्यापासून बंदगळ्यापर्यंत

रात्रीच्या जेवणासाठी वेगळा पोशाख हा प्रवासी जहाजांवरचा रिवाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि पुढे जवळपास शंभर वर्षे टिकला. मुंबई बंदरातून विलायतेला जाणाऱ्या बोटींवर त्याची गाठ त्याहून जुन्या एका नियमाशी पडली. हा नियम मराठी घरांतल्या सोवळ्याचा. जेवणाआधी कपडे बदलणे दोन्हीकडे सक्तीचे होते, पण दिशा उलटी होती. घरी शिवलेले कपडे उतरवून पाटावर बसायचे, तर बोटीवर शिवलेले, खळ दिलेले, गळ्यापाशी आवळलेले कपडे चढवून टेबलाशी बसायचे.

सोवळ्याचे नियम ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर घरांत बारकाईने पाळले जात. पुरुषाने रेशमी मुकटा, कद किंवा पीतांबर नेसावा. ते नसेल तर धुऊन वेगळे वाळवलेले, कोणाचा स्पर्श न झालेले सुती धोतर चाले. अंग उघडे असे, फार तर खांद्यावर उपरणे. थंडीत किंवा अडचणीच्या वेळी लोकरीची धाबळी उपयोगी पडे, कारण रेशीम आणि लोकर सहसा विटाळत नाहीत अशी समजूत होती. सदरा, अंगरखा, कोट हे शिवलेले आणि बाहेरचा स्पर्श झालेले, म्हणून पंगतीत वर्ज्य. स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बायकांनाही सोवळ्याची नऊवारी नेसावी लागे. कोणी कोणाच्या पंगतीला बसायचे हे जातीवर ठरलेले होते. समुद्रगमन मुळातच निषिद्ध मानले जाई आणि परतलेल्या प्रवाशाकडून अनेकदा प्रायश्चित्ताची मागणी होई. त्या मागणीत समुद्र ओलांडण्याइतकाच परक्याच्या हातचे आणि परक्यांच्या सोबत खाल्ल्याचा दोष मोजला जाई.

बोटीवरचा रिवाज इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतून आला. तिथे संध्याकाळी लांब शेपटीचा काळा कोट आणि पांढरा टाय घालून जेवायला बसत. १८६५ साली युवराज एडवर्डने लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून घरगुती जेवणासाठी आखूड, बिनशेपटीचा कोट शिवून घेतला. त्यातून पुढे डिनर जॅकेट आले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान तेच बहुतेक ठिकाणी रूढ झाले.

हिंदुस्थानच्या वाटेवर हा रिवाज नेला तो मुख्यतः पी. अँड ओ. या कंपनीने. १८४० साली तिला राजसनद मिळाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई–इंग्लंड प्रवास साधारण तीन आठवड्यांवर आला. पुढच्याच वर्षी, मार्च १८७० मध्ये, मुंबईकडून येणारी जी.आय.पी. आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपूरला जोडल्या गेल्या आणि मुंबई–कलकत्ता मार्ग सलग झाला. जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या गावाला समुद्र शेकडो कोस दूर. तरी सिहोरा रोड स्टेशनावर गाडी धरली की इटारसी, भुसावळमार्गे थेट मुंबईच्या धक्क्याची वाट मोकळी झाली. नागपूर, जबलपूरकडचे वकील, विद्यार्थी, अधिकारी आणि संस्थानिक विलायतेला निघाले की मुंबईत बोटीवर चढत. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी जेवणाचे टेबल प्रथम भेटे ते त्या बोटीवरच.

पहिल्या वर्गाचा दिवस घड्याळाप्रमाणे चाले. संध्याकाळी बिगूल किंवा घंटा वाजली की प्रवासी केबिनमध्ये जाऊन कपडे बदलत आणि मग डायनिंग सलूनमध्ये ठरलेल्या जागी बसत. कप्तानाच्या टेबलाशी बसण्याचा मान मोजक्यांना मिळे. पहिल्या रात्री मात्र सूट असे, कारण सामान उघडलेले नसे. शेवटच्या रात्री ते बांधून झालेले असे, म्हणून तेव्हाही. ट्रंकांवर चिठ्ठ्या लावत: काही केबिनमध्ये हव्या, काही प्रवासात लागतील तेव्हा काढायच्या, उरलेल्या मुक्कामी पोहोचेपर्यंत बोटीच्या तळातल्या कोठारात. डिनर सूट अर्थातच केबिनच्या ट्रंकेत जाई. दुसऱ्या वर्गात नियम सैल असत आणि डेकच्या प्रवाशांना ते लागूच नव्हते. पोशाखाने रात्रीच्या जेवणाला शोभा येई हे खरे, पण तोच पोशाख कोण कोणत्या मजल्याचा हेही उघड करी.

तांबड्या समुद्रात या नियमाला उष्म्याने वाकवले. वातानुकूलन येण्याआधीच्या काळात लोकरी कोट आणि जाकीट घालून जेवणे असह्य होई. म्हणून उष्ण पट्ट्यात पांढरे डिनर जॅकेट आले. जाकिटाच्या जागी कमरेला रुंद पट्टा बांधण्याची पद्धत हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी इथल्या कमरबंदावरून उचललेली होती; तीही बोटीवर चालू लागली. त्यापुढची पायरी म्हणजे कोट अजिबात न घालता उघड्या गळ्याचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, काळी विजार आणि कमरबंद. हा पोशाख ‘रेड सी रिग’ या नावाने अनेक नौदलांच्या मेसमध्ये आजही चालतो. जगभर अतिशय औपचारिक मानल्या जाणाऱ्या डिनर सूटचा एक भाग असा हिंदुस्थानी कमरेवरून आला आहे.

हा सगळा थाट उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात कोकण आणि गोव्याच्या माणसांच्या श्रमावर. पी. अँड ओ.च्या बोटींवर सलूनमध्ये वाढणारे आणि केबिन सांभाळणारे स्टुअर्ड प्रामुख्याने गोव्याचे कॅथलिक असत. रत्नागिरीकडचे खलाशी, त्यांत बरेच कोकणी मुसलमान, डेकवर काम करत. गोव्याचे दर्यावर्दी दोन सफरींमधला काळ मुंबईत धोबीतलावच्या आसपासच्या, गावोगावच्या मंडळांनी चालवलेल्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत काढत. पांढरा कोट कडक इस्त्रीचा ठेवणे, कोणत्या पदार्थाला कोणता काटा हे पाठ असणे, प्रवाशाचा डिनर सूट वेळेवर काढून ठेवणे हे त्यांचे कसब होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पोशाखाचा नियम होता; चुकल्याची किंमत मात्र एकाच बाजूला नोकरीने मोजावी लागे.

हिंदी प्रवाशांनी या नियमाला निरनिराळी उत्तरे दिली. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणात त्यांनी आपण पोशाख आणि आहार बदलणार नाही असे जाहीर केले होते. हा निश्चय अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीचा होता, आणि तो तिने सातासमुद्रापलीकडे निभावला. पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ रोजी, मुंबईहून निघालेल्या मोहनदास गांधींनी बोटीवर काळा सूट घातला. पण काट्यासुऱ्यांची सवय नव्हती आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडसही नव्हते, म्हणून टेबलाशी न जाता त्यांनी बरोबर आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्येच खाल्ली, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पोशाख झाला, पण पंगत साधली नाही, अशी त्या काळातल्या अनेक विद्यार्थ्यांची स्थिती असणार. ज्यांच्याकडे संपत्ती होती त्यांनी पंगतच बरोबर नेली. १९०२ साली एडवर्डच्या राज्याभिषेकाला निघालेले जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांनी अख्खी ‘ऑलिंपिया’ बोट भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न लवकर सुटला. इंग्रज बाईला संध्याकाळसाठी वेगळा झगा लागे; साडीला तशी अडचण नव्हती. रेशमी, जरीकाठी साडी कोणत्याही टेबलाशी औपचारिकच ठरली. मराठी बायकांच्या नऊवारीची जागा प्रवासात हळूहळू पाचवारी गोल साडीने घेतली. बडोद्याच्या गायकवाडांची कन्या आणि पुढे कूचबिहारची महाराणी झालेल्या इंदिरादेवींनी फ्रान्समध्ये बनवून घेतलेल्या शिफॉन साड्या नेसायला सुरुवात केली आणि युरोपातल्या मेजवान्यांत हिंदी पोशाखाला स्वतःच्या रुबाबाचे स्थान मिळवून दिले. पुरुषांत अचकन आणि फेटा, किंवा बंद गळ्याचा लांब कोट आणि पगडी हा पोशाख संस्थानिकांमुळे आधी मान्य झाला. सामान्य प्रवासी मात्र पुष्कळ वर्षे डिनर सूटच शिवून घेत राहिले.

१९३० आणि १९३१ च्या गोलमेज परिषदांच्या सफरींनी पोशाखाच्या प्रश्नाचे दोन टोकांचे अर्थ दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला ‘मुलतान’ने मुंबईहून निघाले. नीट शिवलेला पाश्चात्त्य सूट हा त्यांचा ओळखीचा पोशाख. ज्या समाजाला सोवळ्याच्या पंगतीने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्या प्रतिनिधीने तो घालणे हे बरोबरीच्या हक्काचे विधान होते. बोटीवर वर्णभेद नव्हता असे नाही, पण तिथली जागा तिकिटावर ठरे, जन्माच्या जातीवर नव्हे. गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ने दुसऱ्या वर्गातून निघाले; पंचा आणि चादर हाच त्यांचा पोशाख राहिला आणि बरोबरच्या मंडळींचे अनावश्यक सामान त्यांनी एडनहून परत पाठवायला लावले. एकाने सूट घालून मान मागितला, दुसऱ्याने सूट नाकारून. टेबलाशी बसणाऱ्याची किंमत त्याच्या कपड्यांवर दुसऱ्याने ठरवू नये, हे दोघांच्याही वागण्यातून सारखेच ठसते.

दुसऱ्या महायुद्धात या बोटी लढाईच्या कामी लागल्या. ‘राजपुताना’ १९४१ मध्ये आणि ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९४२ मध्ये बुडाली. युद्धानंतर टूरिस्ट क्लास वाढला आणि विद्यार्थी, नोकरीला जाणारे तरुण, कुटुंबे असा नवा प्रवासी आला. त्याला डिनर सूट परवडत नव्हता आणि त्याची गरजही वाटत नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला उडाले. १९६० मध्ये बोईंग जेट आले. १९६६ मध्ये अँकर लाइनची मुंबई–लिव्हरपूल प्रवासी सेवा बंद झाली, १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला आणि विलायतेची बोट हा शब्दप्रयोग आठवणींत गेला.

याच काळात जहाज हे जाण्याचे साधन न राहता सहलीचे ठिकाण बनले. क्रूझ कंपन्यांनी जुन्या थाटाची आठवण म्हणून आठवड्यात एक-दोन ‘फॉर्मल नाइट’ ठेवल्या. पण प्रवासी आता विमानाने बंदरावर येऊ लागला. विमानातल्या सामानाच्या मर्यादेत डिनर सूट जड होतो आणि सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला लहान मुलांसह टाय बांधून बसणे नकोसे वाटते. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सक्तीचा पोशाख तिन्ही काढून टाकले. २०१५ मध्ये सेलिब्रिटी कंपनीने फॉर्मल रात्रींऐवजी ‘इव्हनिंग शिक’ नावाचा सैल नियम आणला. क्युनार्डने आपल्या ‘गाला’ रात्री राखल्या. पण तिथेही डिनर सूटच्या बरोबरीने आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो.

मुंबईच्या क्रूझ या बदलानंतरच्या आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर सुरू झालेल्या बोटीला कान्होजी आंग्रे यांच्यावरून ‘आंग्रिया’ नाव मिळाले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. हीच बोट पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होती. इथे जेवणघरात प्रश्न पोशाखाचा नसतो, शाकाहारी आणि जैन स्वयंपाक वेगळा आहे ना याचा असतो. सोवळ्याचा जो भाग ताटाशी निगडित होता तो टिकला. वस्त्राशी निगडित भाग गेला. कोकणच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बोटींची परंपरा तर याहून साधी होती. डेकवर घोंगडी अंथरून, घरून आणलेले भाकरीचे गाठोडे सोडून बसणाऱ्या चाकरमान्याला कोणी कोट विचारला नाही.

जमिनीवर मात्र जुना नियम अधिक चिवट ठरला. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबने वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना अडवले, तेव्हा तमिळनाडूने असे निर्बंध काढणारा कायदाच केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाने अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुडता-पायजमा, त्यावर बिनबाह्यांचे जाकीट आणि औपचारिक जोडे किंवा सँडल यांना परवानगी दिली.

जेवणाला नीटनेटके बसणे ही चांगली रीत आहे. अन्नाचा, ते रांधणाऱ्याचा आणि वाढणाऱ्याचा तो मान आहे. माणसाला पंगतीबाहेर काढण्यासाठी पोशाख वापरणे मात्र चूक, मग तो मुकटा असो की डिनर सूट. आज क्रूझवर निघणाऱ्या मराठी प्रवाशाने औपचारिक रात्रीसाठी सूट भाड्याने घेण्याची गरज नाही. बंद गळ्याचा कोट, पैठणी किंवा नऊवारी कोणत्याही टेबलाशी पुरेशी आहे.