मेल परत का जातो?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या बचत गटाला फराळाची मोठी ऑर्डर मिळणार होती. समोरच्या बाई फोनवर सांगायच्या, "ताई, मेल केलाय." आमच्याकडे तर काहीच नाही! चौथ्या दिवशी त्यांनी परत आलेल्या मेलचा फोटो पाठवला. त्यात लिहिलेलं, तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे. बिचाऱ्या घाबरल्या. बरं, आदल्या आठवड्यात त्यांचाच मेल नीट आला होता. या गोंधळात ऑर्डर दुसऱ्या गटाकडे गेली.

आमचा ई-मेल गटाच्या वेबसाइटच्या नावाचा आहे. सर्व्हर तालुक्याचा एक मुलगा बघतो. त्याला मी बसवूनच विचारलं, हे होतं कसं?

मेल पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. फसवे मेल पाठवणाऱ्या नंबरांच्या याद्या काही संस्था ठेवतात. 1998 साली सुरू झालेली स्पॅमहाउस ही त्यातली मोठी. मेल दारात आला की आपला स्पॅम फिल्टर यादीला विचारतो, हा नंबर तुमच्याकडे आहे का? नसेल तर 'अशी नोंद नाही' एवढंच कळतं. असेल तर 127.0.0 ने सुरू होणारं उत्तर येतं.

घोळ इथेच होता. प्रश्न गूगलसारख्या सार्वजनिक डीएनएसमधून गेला, तर स्पॅमहाउस 127.255.255.254 असं कळवते. म्हणजे, 'या वाटेने विचारू नका, सांगणार नाही.' आमच्या फिल्टरला एवढंच कळलं की काहीतरी उत्तर आलं. म्हणजे माणूस चोर! सेटिंगमध्ये डीएनएस दोन होते, एक सार्वजनिक, एक इंटरनेट कंपनीचा. प्रश्न कधी इकडून जायचा, कधी तिकडून. म्हणून एक मेल यायचा, दुसरा परत.

त्याने मग सर्व्हरवरच स्वतःचा डीएनएस बसवला आणि 127.0.0 चंच उत्तर खरं धरायला फिल्टरला शिकवलं. तपासणी सोपी आहे. 127.0.0.2 हा नंबर चाचणीसाठी यादीत असायलाच हवा आणि 127.0.0.1 कधीच नसावा. दोन्ही 'आहेत' असं आलं तर काहीतरी बिघडलंय. एकही नाही आला, तर प्रश्न पोचतच नाही आणि फसवे मेल खुशाल आत येतात.

बंद पडलेल्या याद्याही काढाव्या लागतात. ओआरडीबी नावाची यादी 2006 मध्ये बंद झाली. 2008 मध्ये ती प्रत्येक नंबराला 'यादीत आहे' म्हणू लागली. ज्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं, त्यांचे सगळेच मेल अडले. माझं मत विचाराल, तर एका यादीच्या शब्दावर मेल परत पाठवूच नये. संशय वाटला तर स्पॅमच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे निदान बघता येतो.

तो कप्पा आठवड्यातून दोनदा उघडा. कुणाचा मेल परत गेला तर त्यांना तो पुसू देऊ नका. कोणत्या यादीमुळे अडला, हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं. सर्व्हर बघणाऱ्याला तीच ओळ दाखवा.