पाणीवाल्या बाईंचे राजकारण

मुंबईच्या राजकारणात बिरुदांना कधीच तोटा पडलेला नाही. परंतु रिकाम्या हंड्यातून जन्मलेले बिरुद एकच. गोरेगावच्या लोकांनी मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते कौतुकाने खरे. पण त्या दोन शब्दांत एका राजकारणाची पूर्ण व्याख्या सामावली होती.

१९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरे महापालिकेत आली. हद्द वाढली, त्या वेगाने नळ मात्र वाढले नाहीत. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या आणि वैद्यकीय शिक्षण सोडून समाजकार्यात पडलेल्या मृणालताईंना १९५८ मध्ये पती केशव गोरे यांचा वियोग सोसावा लागला. पदरी लहान मुलगी होती. तरीही १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या आणि उपनगरांतील पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहाइतकाच रस्त्यावरही लढविला.

१९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. त्याच वर्षी दुष्काळ आणि महागाई यांनी घराघरांतील चूल विझत चालली असता, समाजवादी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एकत्र आल्या. लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या गृहिणींनी, स्वयंपाकघर हेही राजकारणाचे क्षेत्र आहे, हे राज्यकर्त्यांना ऐकविले. आणीबाणीत भूमिगत राहून पुढे तुरुंगवास भोगलेल्या या बाईंना १९७७ मध्ये उत्तर मुंबईने लोकसभेत पाठविले. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

परंतु पदांची ही यादी म्हणजे त्यांचे चरित्र नव्हे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी सभागृहात आवाज उठविला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला तसा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. नागरी निवारा परिषदेच्या द्वारे त्यांनी व सहकाऱ्यांनी गोरेगावात दिंडोशी येथे, कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, सामान्यांसाठी सुमारे ६,००० घरे उभी केली. मोर्चा काढणारे पुष्कळ. मोर्चानंतर घर बांधून देणारे विरळा.

तथापि, गुणगौरवाच्या भरात एक कटु सत्य विसरता कामा नये. त्यांच्या पक्षाची शकले होत गेली. दिंडोशीचा प्रयोग शहराचे धोरण बनू शकला नाही. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाण्याचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. जे नगरसेवकाने मागावे आणि प्रशासनाने द्यावे, त्यासाठी न्यायदेवतेकडे धाव घ्यावी लागते, याचा अर्थ काय?

याचा अर्थ इतकाच, की पाणीवाली बाई गेली. पण हंडा अजून भरलेला नाही. तो भरण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच तिचा वारसा सांगावा.